सगळीच सम

जगात डीजे पुष्कळ असतील, पण रात्री साडेनऊला दात घासून, पायांत लोकरी मोजे चढवून झोपी जाणारा डीजे एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला दीर म्हणून आला. सख्खा नव्हे, चुलत. माझ्या नवऱ्याच्या काकांचा मुलगा. जन्म लंडनच्या इल्फर्डचा, शाळा इल्फर्डची, आणि मराठी काकूंच्या स्वयंपाकघरातलं, त्यामुळे भाज्यांची नावं चोख आणि बाकी सगळा आनंदीआनंद. मराठीत लिंग नावाची एक भानगड असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "वहिनी, तुझा आमटी फर्स्ट क्लास झाला," असं ते मनापासून म्हणायचे, आणि मी मास्तरांची मुलगी असूनही दुरुस्त करायची नाही, कारण दुरुस्त केलं की ते "सॉरी" म्हणून वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे आणि तोवर आमटी गार व्हायची. वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण दीर म्हणजे दीर, म्हणून मी रीतीप्रमाणे "अहो भाऊजी" म्हणायची. ते मात्र मला, माझ्या नवऱ्याला, महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना आणि देवाला सरसकट "तू" म्हणायचे. त्यातलं देवाचं तेवढं बरोबर होतं.

भाऊजींची कारकीर्द मोठी होती असं काकू म्हणत, आणि विचित्र होती असं मी म्हणत असे. तरुणपणी दहा-बारा वर्षं त्यांनी लंडनच्या क्लबांतून रेकॉर्ड लावल्या. पण या धंद्यात खरी मैफल रात्री दोनला रंगते आणि भाऊजींचे डोळे दहालाच मिटायला लागतात. एकदा म्हणे रेकॉर्ड फिरत असताना ते उभ्याउभ्या, कानाला हेडफोन लावून, चक्क झोपले. समोरच्या लोकांना वाटलं, काय हा तल्लीन झालाय! त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्यांनी जाग आली आणि त्या दचकण्यात त्यांनी पुढची रेकॉर्ड इतकी अचूक लावली की त्या रात्रीचं नाव झालं. काकांच्या गराजमध्ये बसून त्यांनी स्वतःच्याही काही रेकॉर्ड केल्या; याला प्रोड्यूसर म्हणतात. पहिल्या रेकॉर्डचं नाव काय ठेवावं हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून ती कोऱ्या पांढऱ्या लेबलची तशीच बाजारात गेली. इटलीतल्या कुठल्याशा डीजेने पत्र पाठवून कळवलं की ती आमच्याकडे फार वाजते. काकूंनी ते पत्र फ्रेम करून देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी लावलं. त्यात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण रोज त्याला फूल मात्र वाहायच्या.

खरा घोटाळा झाला तो शब्दाचा. भाऊजी जे संगीत करतात त्याला हाऊस म्युझिक म्हणतात. त्याचा घराशी काडीचा संबंध नाही, ते शिकागोच्या बाजूला कुठल्या गोदामातल्या नाचघरात जन्मलं. "डिस्को आई आहे, वहिनी, आणि हाऊस तिचा मुलगी," असा त्याचा कुळवृत्तांत भाऊजींनी मला सांगितला होता. पण काकूंनी त्याचं सरळ भाषांतर केलं आणि मंडळात ज्याला त्याला सांगितलं, "आमचा तो घरगुती संगीत करतो." झालं! ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटरवाल्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. वास्तुशांतीला हाऊस म्युझिक, यात यजमानांना काहीच वावगं वाटलं नाही; जेवणं झाल्यावर चार भावगीतं होतील, फार तर एखादं नाट्यगीत, अशा बेताने त्यांनी आमंत्रण दिलं. भाऊजी कपाटाएवढे दोन स्पीकर घेऊन हजर झाले. पहिल्याच ठोक्याला शोकेसमधला काचेचा गणपती एक बोटभर पुढे सरकला. मी कपाळावर हात मारला. पण पुढच्याच खुर्चीत यजमानांची आत्या बसली होती, जन्मभर गाण्याच्या बैठका ऐकलेली बाई. ती बोटांवर मात्रा मोजत दहा मिनिटं शांतपणे ऐकत राहिली आणि मग मोठ्याने म्हणाली, "अरे, सगळं ठीक आहे, पण याची सम कुठंय?"

लहानपणी काकूंच्या भजनी मंडळात टाळ कुटल्यामुळे हा एक शब्द भाऊजींना पक्का ठाऊक होता. ते हसून म्हणाले, "सगळीच सम आहे, मावशी. प्रत्येक मात्रा सम."

"मग फिरून यायचं कुठे?"

"यायला नको. तू तिथेच आहेस."

आत्याबाई म्हणाल्या, "हे वेदान्ताचं झालं, गाण्याचं नाही." पण त्यांचा पाय हलत होता, तो मी पाहिला.

हा माणूस आमच्याकडे येऊन-जाऊन राहायला लागला तो बोटीच्या नोकरीमुळे. आम्ही दोघं साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात डॉक्टर, मी लहान मुलांची आणि नवरा हाडांचा. तिथल्या बंदरातून सुटणाऱ्या एका क्रूझ बोटीवर भाऊजींना काम मिळालं. पेन्शनर मंडळींचा डिस्को, दुपारी तीन ते पाच. असा डीजे कंपनीला आणि अशी वेळ भाऊजींना त्रिभुवनात शोधून सापडली नसती. "वहिनी, माझा ड्रीम जॉब," असं ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते. बोट सुटायच्या आधी चार दिवस आणि लागल्यावर दोन दिवस त्यांचा मुक्काम आमच्या मागच्या खोलीत, सोबत रेकॉर्डची सात खोकी. एकदा पाहुणे येणार म्हणून मी त्यातलं एक खोकं उचलून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या वर ठेवलं. चार दिवसांनी उघडलं तर आत रेकॉर्ड नव्हत्याच, उष्णतेने वाकडेतिकडे झालेले उडदाचे पापड होते. दुसरा कुणी असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. भाऊजींनी एक पापड फिरवायला लावला, तो वरखाली होत "ऑंव ऑंव" करायला लागला, आणि ते हर्षभराने ओरडले, "थांब, हा रेकॉर्ड करतो!" पुढे बोटीवरच्या आजीआजोबांनी त्यावर नाच केला म्हणतात. त्यांना तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे असं विचारलं की ते बड्या डीजेंची नावं घेत नसत. कुकरच्या शिट्ट्या, आमच्या वॉशिंग मशीनचा शेवटचा फेरा आणि आईचा टाळ, अशी तीनच नावं सांगायचे. आणि बोलणं तर असं की विचारू नका. डीजे जसं पहिलं गाणं संपायच्या आधीच दुसरं त्यात मिसळतो तसे हे विषय मिसळायचे. काकांच्या ब्लडप्रेशरचं बोलता बोलता त्यातच कोथिंबिरीच्या वडीचं सुरू व्हायचं, आणि काही काळ तुम्हाला कळायचंच नाही की डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय ते नक्की काय.

याच दिवसांत माझे अण्णा आमच्याकडे होते. आई गेल्यावर मी त्यांना कराडहून आणलं. अण्णा शाळेत पीटीचे मास्तर; चाळीस वर्षं त्यांनी पोरांकडून लेझीम करून घेतली. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला शिट्टी न वाजवता "सावधान" म्हणाले तर त्या टोकाचं कुत्रंही उभं राहायचं. त्या माणसाला कंपवात झाला. आवाज खोल गेला, हात थरथरायला लागला आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारात पाय चिकटायला लागले. मोकळ्या खोलीत चालायचे, पण स्वयंपाकघराचं दार आलं की फरशीला खिळल्यासारखे उभे. मी मागून म्हणायची, "अण्णा, पाय उचला." ते म्हणायचे, "उचलतोय गं, तो उचलत नाहीये." मी चिडायची. होय, चिडायची, हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या पोरांशी गोड बोलून बोलून माझा सगळा गोडवा संपलेला असायचा. त्या दारात अण्णा दोनदा पडले. दुसऱ्यांदा मनगट मोडलं, घरात कुणी नव्हतं आणि दोन तास ते तिथेच पडून होते. मग कौन्सिलचं पत्र आलं की त्यांची थेरपिस्ट घरी येऊन अण्णांचं चालणं बघेल. घरात सुरक्षित वाटले नाहीत तर केअर होमचा विचार करावा लागेल. ते होम मी बघून आले. स्वच्छ होतं, माणसं भली होती, आणि दिवसभरात मराठीचा एक शब्द अण्णांच्या कानावर पडला नसता. अण्णांनी माझ्यापुढे विषयच संपवला. "ठेव मला तिकडे. तुझ्या नोकरीचे हाल होतात." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या आठवड्यात भाऊजी बोटीची वाट बघत आमच्याकडे होते. सकाळी ते टोस्ट खात बसले असताना अण्णा दारात अडकले. मी तोंड उघडणार एवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, ओरडू नको. त्याचा पाय खराब नाही. त्याला काऊंट मिळत नाही." मग उठून अण्णांपुढे जाऊन उभे राहिले. "अण्णा, शाळेत लेझीम कसा सुरू करायचा तू?"

त्यांच्या "तू"ला अण्णा पहिल्या दिवसापासून बिचकायचे. पण लेझीम म्हटल्यावर पाठ सरळ झाली. "शिट्टी," अण्णा म्हणाले. "मग हलगी. मग पहिला हात."

झालं, तीन दिवस आमच्या घराचा गराज झाला. साउथहॅम्प्टनात लेझीम मिळेना, म्हणून भाऊजींनी माझे मापाचे चमचे, गाडीच्या किल्ल्या आणि पोळीचा पत्र्याचा डबा एवढ्यावर तिचा आवाज बनवून रेकॉर्ड करायला घेतला. अण्णा खुर्चीत बसून परीक्षक. पहिला नमुना ऐकून म्हणाले, "ही लेझीम नव्हे, खरकटी भांडी आहेत." दुसरा ऐकून, "ही लेझीम आहे का पळापळ?" भाऊजी एका शब्दाने न दुखावता "राईट, अण्णा" म्हणून पुन्हा खोलीत जायचे. इटलीपर्यंत पोचलेला प्रोड्यूसर कराडच्या पीटी मास्तरांपुढे कान धरून उभा होता. आणि मला जाणवलं की बऱ्याच महिन्यांनी अण्णा कुणावर तरी रुबाब करताहेत.

तिसऱ्या दिवशी लेझीम हुबेहूब जमली. भाऊजींनी आपला मोठा हेडफोन अण्णांच्या माकडटोपीवरून चढवला, छोटा प्लेअर गळ्यात दोरीने अडकवला आणि त्यांना दारापाशी आणलं. अण्णा उभे राहिले. उभेच राहिले. "का हो?" मी विचारलं. म्हणाले, "पहिला हात गेला. आता पुढची फेरी येईल." फेरी आली, तोही हात गेला. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं, पहिला हात चुकला की गप उभं राहायचं आणि पुढच्याची वाट बघायची. पाय जागचा हलला नाही. हेडफोन काढून अण्णा म्हणाले, "राहू दे रे बाळा. छान केलीस."

भाऊजी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. चहा शेजारी गार होत होता. मग म्हणाले, "वहिनी, चूक माझा आहे. मी त्याला वाट बघायला लावतो." आणि खोलीत जाऊन त्यांनी तीन दिवसांचं काम पुसून टाकलं. शिट्टी गेली, फेऱ्या गेल्या, पहिला हात गेला. उरला फक्त एक ठोका, सारखा, धप्प धप्प धप्प, आणि त्यावर बारीक चमच्यांचा खळखळाट. परत हेडफोन चढवला. "अण्णा, यात पहिला नाही, शेवटचा नाही," ते म्हणाले. "तू पाय टाकशील तो पहिला."

अण्णांनी पाय टाकला. मग दुसरा टाकला. दारातून आत आले, ओट्याला वळसा घातला आणि परत त्याच दारातून बाहेर गेले. मी हातात डाव घेऊन उभी होते. मी डॉक्टर! नंतर पुस्तक काढून पाहिलं तर त्यात होतं की ठोक्याच्या आधाराने अशा माणसांचे पाय सुटतात. मी हे विद्यार्थीदशेत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. स्वतःच्या बापाला मी वर्षभर फक्त "पाय उचला" एवढंच ओरडून सांगत होते.

तपासणीचा दिवस आणि बोटीचा दिवस एकच निघाला. थेरपिस्ट दहाला येणार होती, भाऊजींना एकपर्यंत बोटीवर हजर व्हायचं होतं. म्हणजे भरपूर वेळ होता. दहाचे अकरा झाले, बारा झाले, बाईंचा पत्ता नाही. रस्त्यात अडकल्या होत्या. अण्णा घाबरेघुबरे झाले होते. दर दहा मिनिटांनी मला विचारायचे, "तो आहे ना गं? गेला नाही ना?" आणि भाऊजी जिन्यावरून, बॅग पायाशी घेऊन, "आहे, अण्णा, आहे," म्हणायचे. एकला दहा कमी असताना बाई आल्या. नेमके त्यांच्यासमोर अण्णा, कानात ठोका चालू असूनही, दारात थबकले. त्यांनी मान वळवून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी काही केलं नाही, फक्त ठोक्याबरोबर मान हलवायला लागले, ती डीजेंची असते तशी. आणि अण्णांचा पाय सुटला. बाईंनी परत फिरायला सांगितलं तर अण्णांनी चार ठोक्यांत, शाळेतल्यासारखं, पीछे मुड केलं. मग बाईंनी जिना बघितला, न्हाणीघर बघितलं, केटल उचलून दाखवायला सांगितली, आणि निघताना तीन वाजले होते. होमची गरज नाही, बाई म्हणाल्या. धरायला दांडे बसवू आणि सकाळी मदतीला एक बाई देऊ. मी त्या परक्या बाईला मिठीच मारली. बोटीची वेळ माझ्या डोक्यातून पार गेली होती; त्या गडबडीत भाऊजी बॅग घेऊन कधी बाहेर पडले ते कळलंही नाही.

साडेचारला बंदरावरून भोंगा ऐकू आला. "बोट गेली वाटतं," अण्णा म्हणाले. पाचला भाऊजी दारात उभे. "कंपनीचा काहीतरी चेंज झाला, वहिनी. मी पुढच्या वेळी जाणार." मी बरं म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं. मी शिरा केला होता, त्यांनी तीन वाट्या खाल्ला आणि साडेनऊला मोजे घालून झोपले.

पुढची वेळ काही आली नाही. त्यांचं काम दुसऱ्याला गेलं असं तुटक कळलं. या धंद्यात असंच असतं, असं मी धरून चालले. ते इल्फर्डला परतले, लग्नांतून रेकॉर्ड लावायला लागले, एका कम्युनिटी सेंटरमध्ये दुपारी शिकवायला लागले. महिन्या-दोन महिन्यांनी अण्णांसाठी नवीन ठोका पोस्टाने यायचा, कधी जरा संथ, कधी वर डिस्कोचं काहीतरी छुनछुन. अण्णा तीन वर्षं त्यावर चालले. रोज सकाळी माकडटोपीवर हेडफोन घालून त्या दारातून आत यायचे आणि कानात ठोका असल्यामुळे नको तितक्या मोठ्याने विचारायचे, "चहा झाला का गं?"

अण्णा गेले ते घरीच, झोपेत. तेराव्याला इल्फर्डची सगळी मंडळी आली. खिरीत वेलची टाकता टाकता काकू सहज बोलून गेल्या, "तुझ्या अण्णांपायी त्याची बोट चुकली. उशिरा पोचला म्हणून घेतला नाही. झोप लागली होती, असं सांगितलंन साहेबाला. दिवसाढवळ्या! पण ठीक आहे गं, त्याला कधी वाईट वाटलं नाही."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी मागच्या खोलीत गेले. भाऊजी अण्णांचा प्लेअर हातात घेऊन त्याची वायर नीट गुंडाळत होते.

"भाऊजी, तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांना लगेच कळलं. जरा ओशाळून म्हणाले, "सांगितला असता तर अण्णा चालला नसता, वहिनी. तो म्हणाला असता, माझ्यासाठी बोट नको चुकवू, मला होममध्ये ठेव."

खरं होतं. अण्णा अगदी हेच म्हणाले असते. मी, त्यांच्या मुलीनेही, जे ओळखलं नसतं ते या माणसाने ओळखलं होतं. आता मी काय बोलणार? आभार मानायची आपल्याकडे घरच्यांत पद्धत नाही, आणि थँक यू तर आम्ही इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही म्हणतो. मी खाली वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावायला गेले.

थोरल्या वहिनीने धाकट्या दिराच्या पाया पडावं हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "काय पडला, वहिनी?" ते घाबरून म्हणाले. "कानातला पडला काय? थांब, तू नको, मी शोधतो." आणि पायजमा सावरत तेही माझ्याशेजारी खाली बसले, पलंगाखाली हात घालून चाचपायला लागले. माझे डोळे वाहत होते. मी म्हटलं, "हो, भाऊजी, कानातलंच," आणि आम्ही दोघं बराच वेळ ते शोधत राहिलो.